चौघांची पैज, गावाची प्रथा
ह्यूस्टन रोडिओच्या ट्रेल राइड्सची हकिगत

ह्यूस्टनच्या रोडिओला घोड्यावरून जाण्याची ही ‘ट्रेल राइड’ची प्रथा फार जुनी असणार, असा ह्यूस्टनमधल्या आपल्या मराठी मंडळींपैकी बहुतेकांचा समज असतो. फेब्रुवारीच्या अखेरीस हमरस्त्याच्या कडेने रुंद टोप्यांचे स्वार चाललेले दिसतात. मध्येच कापडी कमानीच्या गाड्या, सगळ्यांच्या मागे दिवे लुकलुकवणारी पोलिसांची मोटार. वाटतं, हे दीडदोनशे वर्षं असंच चालत आलं असेल. तसं नाही. ही प्रथा १९५२ सालची. भारतात पहिली सार्वत्रिक निवडणूक चालू होती, त्याच हिवाळ्यात ती सुरू झाली, आणि तीही सरळसरळ रोडिओच्या जाहिरातीसाठी.

ह्यूस्टनपासून वायव्येला सत्तरएक मैलांवर ब्रेनम नावाचं गाव आहे. आपल्या घरोघरच्या फ्रीजरमध्ये असतं ते ब्लू बेलचं आइसक्रीम या गावचं. आसपासच्या शेतकऱ्यांकडच्या जास्तीच्या सायीचं लोणी करायला १९०७ साली तिथे डेअरी निघाली, तिचीच पुढे ही आइसक्रीमची कंपनी झाली. या गावचे महापौर रीस लॉकेट हे गुराढोरांतले आणि घोड्यावरचे गृहस्थ. त्यांच्याबद्दलची गोष्ट सांगणाऱ्यागणिक थोडी बदलते, पण गाभा एकच. एकदा वाईट हवेमुळे विमान रखडलं आणि लॉकेटसाहेब परगावी अडकून पडले. वैतागून त्यांनी जाहीर केलं की घोड्यावरून जाऊन अंधार पडायच्या आत घरी परतता येणार नाही, अशा ठिकाणी यापुढे आपण जाणारच नाही. मित्रांनी शब्द पकडला. मग ह्यूस्टनच्या गुरांच्या प्रदर्शनाला कसे येणार? घोड्यावरून? येऊन दाखवा!

आता ब्रेनमहून घोड्यावर निघालेला माणूस अंधार पडायच्या आत परतणं सोडाच, ह्यूस्टनला पोचतसुद्धा नाही. वाटेत मुक्काम करावेच लागतात. म्हणजे लॉकेट यांनी स्वतःची प्रतिज्ञा पाळायच्या नादात मोडलीच. पण पैज अंगावर घेतली. जानेवारी १९५२ मध्ये चौघे निघाले, सोबत खेचरांची एक गाडी. लॉकेट ट्रेल बॉस, म्हणजे स्वारीचे म्होरके. दुसरे एमिल मार्क्स, सत्तरीचे, ह्यूस्टनच्या पश्चिमेला बार्कर इथे एल एच सेव्हन नावाची मोठी रँच चालवणारे. तिसरे जॉन वॉर्नाश. आणि चौथे पॅट फ्लॅहर्टी, ह्यूस्टनच्या के.पी.आर.सी. या नभोवाणी केंद्राचे बातमीदार. हे चौथे गृहस्थ मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटतात. बातमी देणारा माणूसच खोगिरावर बसला म्हटल्यावर बातमी होणार नाही तर काय!

ज्या प्रदर्शनासाठी हा खटाटोप झाला, त्याचंही वय तेव्हा वीसच वर्षांचं होतं. १९३१ साली ह्यूस्टनमधले काही व्यापारी आणि गुरांच्या धंद्यातले लोक एका हॉटेलात जेवायला बसले असताना ते ठरलं आणि १९३२ मध्ये ‘फॅट स्टॉक शो’ या नावाने पहिल्यांदा भरलं. महामंदीचे दिवस होते. शेतकऱ्याला चांगलं वाण दाखवावं, गुरांना गिऱ्हाईक मिळावं, हा साधा हेतू. रोडिओ, म्हणजे वासराला फास टाकणं, उधळलेल्या घोड्यावर आणि वळूवर तग धरणं, हा गर्दी खेचायचा भाग हळूहळू मोठा होत गेला. १९४२ मध्ये जीन ऑट्री हा पडद्यावरचा गाणारा काउबॉय आणून कलाकार बोलावण्याचा पायंडा पडला, तो आजवर चालू आहे. १९६१ मध्ये नाव बदलून ‘ह्यूस्टन लाइव्हस्टॉक शो अँड रोडिओ’ झालं. १९६६ मध्ये सारा बाडबिस्तरा नव्याकोऱ्या ॲस्ट्रोडोममध्ये गेला, आणि २००३ पासून तो शेजारच्या स्टेडियममध्ये आहे. आज वर्षाला पंचवीस लाखांच्या आसपास माणसं येतात, राबणारे स्वयंसेवकच पस्तीस हजारांच्या घरात, आणि विद्यार्थ्यांसाठी व शिक्षणासाठी १९३२ पासून दिलेली रक्कम साठ कोटी डॉलरच्या पुढे गेली आहे. ही झाली यजमान संस्था. पण तिच्या दारी घोड्यावरून येणाऱ्यांचा इतिहास वेगळा लिहावा लागतो, कारण त्या मंडळ्या तिच्या शाखा नाहीत. प्रत्येकीचा कारभार स्वतंत्र, प्रत्येकीची वाट स्वतंत्र.

चौघांच्या पहिल्या स्वारीला नाव पडलं ‘सॉल्ट ग्रास ट्रेल’. मेक्सिकोच्या आखाताच्या कडेला खारट जमिनीवर एक राठ गवत उगवतं. आतल्या भागातली कुरणं हिवाळ्यात करपली की गुराखी जनावरं या किनाऱ्याच्या गवतावर आणत आणि वसंतात परत नेत. त्या जुन्या जाण्यायेण्याची ही आठवण. या नावामुळे जाहिरातीच्या युक्तीला एक पूर्वज मिळाला. लोकांनाही ते पटलं, कारण अनेकांच्या आजोबांनी ती गुरं खरोखर हाकली होती.

इथे गुरं हाकण्याच्या मोठ्या वाटांचा, म्हणजे ट्रेलांचा, हिशेब थोडा मांडला पाहिजे. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं तेव्हा टेक्ससमध्ये लांब शिंगांची गुरं उदंड होती आणि त्यांना गिऱ्हाईक नव्हतं. उत्तरेत गिऱ्हाईक होतं, पण रेल्वे कॅन्ससपर्यंतच आलेली. १८६७ मध्ये कॅन्ससमधल्या ॲबिलीन इथे गुरांचा बाजार उभा राहिला आणि चिझम ट्रेलवरून कळप उत्तरेकडे सुटले. दिवसाला दहाबारा मैल, महिन्याला तीसचाळीस डॉलर पगार, धूळ, पूर, आणि रात्री विजेच्या कडकडाटाने उधळणारा कळप. चार्ल्स गुडनाइट यांनी १८६६ मध्ये लष्करी गाडीच्या मागे फळ्यांचं कपाट ठोकून फिरतं स्वयंपाकघर केलं, तीच चक वॅगन. या वाटांनी लाखो जनावरं गेली. आणि मग १८७४ मध्ये काटेरी तारेचं पेटंट निघालं, कुंपणं आली, रेल्वे टेक्ससच्या दारात आली, गोचीडतापाच्या भीतीने कॅन्ससने दक्षिणेची गुरं अडवली, आणि १८८० च्या दशकात सगळं आटोपलं. म्हणजे मूळ धंदा चालला जेमतेम वीस वर्षं. त्याची आठवण म्हणून निघणारी स्वारी मात्र सत्तरी उलटून गेली. आठवण मूळ गोष्टीच्या तिपटीहून जास्त जगली, याचं कारण या लेखात शोधायचं आहे. माझं उत्तर थोडक्यात असं: ती एकाच मंडळीच्या हाती राहिली नाही, म्हणून जगली.

एमिल मार्क्स यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टेक्ससची लाँगहॉर्न गुरं संपत आली होती. मांसाला युरोपी वाण बरं, मग या हाडकुळ्या, शिंगाड जनावरांचं करायचं काय? १९२७ मध्ये सरकारने ओक्लाहोमातल्या विचिटा अभयारण्यात एक कळप राखला. बाकी काही घराण्यांनी केवळ हौसेपोटी आपापले कळप ठेवले. आजच्या लाँगहॉर्नच्या वंशावळीत अशा सात मुख्य रेषा मानतात, त्यांतली एक मार्क्स यांची. तेव्हा पहिल्या चौघांत किमान एक माणूस असा होता, की ज्याला जुन्या वाणाचं प्रेम जाहिरातीपुरतं नव्हतं.

पहिल्या वर्षीच्या चौघांचे दोनतीन वर्षांत शेकडो झाले. निघण्याचं ठिकाण पुढे ब्रेनमऐवजी ऑस्टिन परगण्यातलं कॅट स्प्रिंग झालं. हे जर्मन वसाहतवाल्यांचं गाव. त्यांनी १८५६ साली स्थापन केलेली शेतकी सभा अजून चालू आहे. ट्रेलवरच्या जेवणातली सॉसेजं या लोकांची, आणि शेजारच्या चेक शेतकऱ्यांचे कोलाचे नावाचे गोड पाव सकाळच्या कॉफीबरोबर. काउबॉयची म्हणून जी संस्कृती आपण पाहतो ती अशी पाचसहा मुलखांतून आलेली आहे. खोगीर, फास, रुंद टोपी आणि कातडी चॅप्स मेक्सिकोच्या गुराख्यांकडून आले. घोड्यावरची माणसं तर सगळ्याच रंगांची होती.

इथून पुढचं प्रकरण प्रेअरी व्ह्यूचं, आणि या सगळ्या हकिगतीत मला तेच सर्वांत मोलाचं वाटतं.

जुन्या गुरांच्या वाटांवर दर चार काउबॉयांमागे एक काळा होता, असा इतिहासकारांचा ढोबळ अंदाज आहे. गुलामीच्या काळात टेक्ससच्या मळ्यांवर जनावरं सांभाळायचं काम त्यांच्याकडेच असे. मुक्ती मिळाल्यावर हातात जी विद्या होती, तिच्यावर पोट भरलं. सिनेमाने मात्र काउबॉय गोरा ठरवून टाकला. १९५० च्या दशकात टेक्ससमध्ये शाळा वेगळ्या, बसमधल्या जागा वेगळ्या, पाण्याचे नळ वेगळे. अशा दिवसांत, १९५७ साली, प्रेअरी व्ह्यू ट्रेल रायडर्स असोसिएशन स्थापन झाली. स्थापणारे तिघे: जेम्स फ्रान्सिस, डॉ. आल्फ्रेड पॉइन्डेक्स्टर आणि मिर्टिस डाइटमन. पॉइन्डेक्स्टर पशुवैद्य, प्रेअरी व्ह्यू विद्यापीठातले प्राध्यापक. हे विद्यापीठ १८७६ मध्ये काळ्या विद्यार्थ्यांसाठी निघालं आणि त्याची जागा म्हणजे पूर्वीचा गुलामांचा मळा. डाइटमन वळूवर बसणारे. पुढे १९६० च्या दशकात रोडिओच्या राष्ट्रीय अंतिम स्पर्धेला पात्र ठरणारे ते पहिले काळे स्वार झाले.

काळ्या स्वारांची देशातली सर्वांत जुनी ट्रेल राइड म्हणून या मंडळीचं नाव घेतात. ते दिवस आठवले, की या स्वारीचा अर्थ कळतो. बाहेर खाणावळीत बसू देत नाहीत, म्हणून घरचं खाणं बरोबर. झोपायला हॉटेल नाही, म्हणून गाडीतच पथारी. गुरांच्या वाटेवरच्या काउबॉयला जे नाइलाजाने करावं लागे, ते या लोकांना मोटारींच्या जमान्यातही नाइलाजानेच करावं लागलं. सॉल्ट ग्रासच्या स्वारांना जी हौस होती, ती यांच्यासाठी हक्कसांगणी होती: ही वाट आमचीही आहे, आणि आम्ही तिच्यावरून घोड्यावर बसून, दिवसाढवळ्या, शहराच्या मध्यापर्यंत येणार आहोत.

आणि येऊन पोचायचं कुठे, तर मेमोरियल पार्कमध्ये. आपण सकाळी पळायला जातो तेच. पहिल्या महायुद्धात तिथे कॅम्प लोगन नावाची लष्करी छावणी होती. तिच्या बांधकामावर पहारा द्यायला आणलेल्या काळ्या पलटणीने शहर पोलिसांच्या छळाला कंटाळून ऑगस्ट १९१७ मध्ये बंड केलं. एकोणीस शिपायांना फाशी झाली. अमेरिकी लष्कराने ११० शिपायांवरचे दोष रद्द केले ते २०२३ मध्ये, एकशे सहा वर्षांनी. उद्यानाचं नाव त्या छावणीत शिकून युद्धावर गेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ आहे. तिथे तळ ठोकणाऱ्या प्रेअरी व्ह्यूच्या स्वारांना हा इतिहास कोणी वेगळा सांगावा लागत नसेल.

सॉल्ट ग्रासमागोमाग आणखी मंडळ्या यायला वेळ लागला नाही. सॅम ह्यूस्टन ट्रेल उत्तरेकडून, व्हॅली लॉज पश्चिमेकडून, टेक्सस इंडिपेंडन्स दक्षिणेकडून. ओल्ड स्पॅनिश ट्रेलवाले लुइझियानाच्या सरहद्दीपासून दोनशेहून जास्त मैल येतात. पूर्वेकडून नॉर्थईस्टर्न, नैर्ऋत्येकडून साउथवेस्टर्न. या दोन मंडळ्यांत काळ्या स्वारांचा भरणा मोठा. आणि सगळ्यांत लांबची लॉस व्हॅकेरोस, १९७० च्या दशकात सुरू झालेली. मेक्सिकोच्या हद्दीला लागून असलेल्या हिडाल्गोहून ही मंडळी निघते आणि जवळपास चारशे मैल चालून तीन आठवड्यांनी पोचते. ज्यांच्याकडून खोगीर आणि फास आले, त्यांचे वंशजही दाखल झाले, आणि तेही सर्वांत लांबून. आज दहाबारा मंडळ्या आहेत, स्वार हजारांत मोजावे लागतात. सॉल्ट ग्रासच्या ज्येष्ठांनी “आमचीच तेवढी खरी” असं म्हणून दार लावून घेतलं असतं, तर एक मिरवणूक उरली असती, एवढंच. संस्था काढणाऱ्या आणि फोडणाऱ्या आपल्या मराठी मंडळींनी याची नोंद घ्यायला हरकत नाही. स्वतंत्र निघालेले इथे भांडत बसले नाहीत, आपापली वाट आखून त्याच मैदानात आले.

प्रत्यक्ष चालतं कसं, ते आता जवळून पाहू. तळ पहाटे उजाडण्याआधीच जागा होतो. आधी घोड्यांचं, मग माणसांचं. बादलीत पाणी, तोबऱ्यात दाणा, अंगावर खरारा. मग एकेक खूर उचलून आतली माती आणि खडे लोखंडी आकडीने काढायचे, कारण खुरात राहिलेला एवढासा खडा दुपारपर्यंत घोडा लंगडा करतो. पाठीवर जाड घोंगडी, वर खोगीर, पोटाखालून तंग. तंग एकदा आवळून भागत नाही. पुष्कळ घोडे त्या वेळी मुद्दाम पोट फुगवून धरतात. चार पावलं फिरवून पुन्हा आवळावा लागतो. नवखा माणूस हे विसरतो आणि रिकिबीत पाय टाकताक्षणी खोगिरासकट घोड्याच्या पोटाखाली जातो. मंडळी हसतात, पण कोणीतरी लगेच घोड्याचा लगाम धरतो.

डांबरी रस्ता हा घोड्याचा खरा शत्रू. लोखंडी नाल त्यावर घसरते, म्हणून नालबंद तिच्या तळाला अतिशय कठीण धातूचे बारीक ठिपके जडवतो, त्याने पकड येते. शक्य तिथे गवताची कड धरून चालायचं, पूल आणि चौक आले की खाली मान घालून एका रांगेत. वेग चालीचा, ताशी तीनचार मैल. दुडकी क्वचित, चौखूर उधळणं तर मनाईच. ट्रेल बॉस सांगेल ते शेवटचं. त्याच्या हाताखाली गाड्यांचा म्होरक्या, पुढे वाट बघणारे स्काउट, बाजूने रांग सांभाळणारे स्वार. बहुतेक मंडळ्या न खच्ची केलेला घोडा येऊ देत नाहीत. रक्ताच्या तपासणीचा दाखला प्रत्येक जनावराचा लागतो. घोड्यांच्या एका संसर्गी पंडुरोगासाठी ही तपासणी असते, आणि तो दाखला नसेल तर स्वार कितीही जुना असो, घोडा ट्रेलरमधून खाली उतरत नाही.

सामानाची गंमत निराळीच. तळावर घोडे वाहून आणलेले ट्रेलर आणि पिकअप ट्रक रांगेने उभे असतात. स्वार घोड्यावर बसून पुढे गेला तर त्याची गाडी पुढच्या मुक्कामी नेणार कोण? म्हणून सकाळी सगळी वाहनं आधी पुढच्या तळावर नेऊन लावतात, बसमधून परत येतात, आणि मग खोगिरावर चढतात. त्या दिवसाची वाट माणूस दोनदा मोटारीने आणि एकदा घोड्याने करतो. पाण्याचा टँकर, नालबंद, पशुवैद्य, चालत्या ट्रकवरचे संडास, हे सगळं मागून येतं. आपल्या वाचकाला इथे वारी आठवणारच. वाट ठरलेली, मुक्काम ठरलेले, पुढे गेलेलं सामान, दिंडीसारखी आपापली मंडळी, वर्षानुवर्षं त्याच गावात त्याच शेतकऱ्याच्या शेतात तळ. पण साम्य इथेच थांबतं. वाटेच्या शेवटी इथे पांडुरंग नाही, तिकिटाची खिडकी आहे.

संध्याकाळी शेकोटी, बीन्स, ब्रिस्केट, काही तळांवर गिटार तर काहींवर कानठळ्या बसवणारे स्पीकर आणि झायडेको संगीत. बिअरचा पूर वाहतो ही तक्रार जुनीच आहे आणि ती अगदी खोटी नाही. मंडळ्यांनी त्यावर नियम केले, ते कुठे पाळले जातात, कुठे नाहीत. रोडिओमधल्या वासरं बांधण्याच्या खेळावर प्राणिमित्रांचा आक्षेप आहे. माझाही थोडा आहे. पण ट्रेलवर घोड्याची जी निगा राखली जाते, ती पाहून दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजू नयेत, असं वाटतं. आणि हवा! फेब्रुवारीत दुपारी सदऱ्यावर निघालेला माणूस उत्तरेचा वारा सुटल्यावर संध्याकाळी कुडकुडतो. पाऊस आला तर तळाचा चिखल होतो, घोडा घोट्यापर्यंत रुततो. तरी परत फिरणारे थोडेच.

या सगळ्यात आपला संबंध काय, असं कोणी विचारेल. एक आहे, आणि तो रिंगणातच दिसतो. रोडिओतल्या पुष्कळ वळूंच्या पाठीवर वशिंड असतं. ते टेक्ससचं नव्हे. इथल्या दमट उन्हात आणि गोचिडांत युरोपी गुरं टिकेनात, म्हणून लोकांनी भारताकडे पाहिलं. १९०६ मध्ये ह्यूस्टनच्या नैर्ऋत्येला असलेल्या पिअर्स रँचचे व्यवस्थापक ए. पी. बोर्डन यांनी भारतातून गुरांचा एक जथा आणला. अशा आयातींतून जे अमेरिकी वाण घडलं, त्याला इथे ‘ब्राह्मन’ म्हणतात, आणि त्याच्या पैदाशीची संघटना १९२४ मध्ये ह्यूस्टनलाच स्थापन झाली. या वाणात गीर, गुजरातकडचं कांकरेज आणि आंध्रातलं नेल्लोर यांच्याबरोबर चौथं रक्त कृष्णाखोऱ्याचं सांगतात. कृष्णाकाठच्या चिकट काळ्या मातीत नांगर ओढायला हे वाण दक्षिण महाराष्ट्रातल्या संस्थानिकांनी, विशेषतः सांगलीच्या पटवर्धनांनी, एकोणिसाव्या शतकात तयार करवलं, असं मानलं जातं. सांगली-मिरजेकडची आपल्यातली जी मंडळी रोडिओला जाऊन वळूवरून माणूस किती सेकंदांत पडतो ते मोजतात, त्यांनी तो वळू दूरचा का होईना, गाववाला आहे हे ध्यानात ठेवावं. गुरांच्या प्रदर्शनात ब्राह्मन वाणाचा वेगळा विभाग असतो. लहान मुलांना आधी तिकडे न्या, मग झुल्यांकडे.

शहर वाढलं तसे वाटांचे हाल झाले. एमिल मार्क्स यांची गुरं जिथे चरत, तो बार्करचा परिसर आता उपनगरांत बुडाला आहे. केटी हे भातशेतीचं गाव होतं, आज आपली निम्मी मंडळी तिथे राहतात आणि भात दुकानातून आणतात. केटी फ्रीवे काही ठिकाणी सर्व्हिस रोड धरून सव्वीस पदरी झाला आहे. अशा ठिकाणी घोडा नेणं म्हणजे परगण्याचे शेरीफ, गावांचे पोलिस, महामार्ग खातं, जमीनमालक यांच्याशी पत्रव्यवहार करण्यात वर्ष घालवणं. वाटा दर काही वर्षांनी बदलाव्या लागतात. जिथे गेल्या वर्षी तळ पडला होता तिथे या वर्षी घरांची स्कीम उभी असते. तरी मंडळ्यांनी फ्रीवे टाळून जुने फार्म रोड हुडकून काढले आहेत. ह्यूस्टनच्या भोवतालचे आडरस्ते त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसतील.

खंड पडला तो कोविडच्या साथीत. मार्च २०२० मध्ये रोडिओ मध्येच बंद करावा लागला. स्वार तोवर येऊन परतले होते. २०२१ मध्ये रोडिओ झालाच नाही. पुढच्या वर्षी घोडे पुन्हा रस्त्यावर आले.

२०२७ मध्ये पहिल्या स्वारीला पंचाहत्तर वर्षं होतील. रोडिओ सुरू होण्यापूर्वीचा शुक्रवार हा ‘गो टेक्सन डे’. आपली मुलं त्या दिवशी शाळेत बूट आणि टोपी घालून जातात आणि दुपारी ते बूट चावतात म्हणून रडत येतात. त्याच दिवशी बहुतेक मंडळ्या मेमोरियल पार्कात उतरतात, आणि शनिवारी सकाळी डाउनटाउनमध्ये संचलन होतं. संचलन बघायला पैसे पडत नाहीत. लवकर जाऊन कडेला जागा धरावी.

त्याआधीच्या आठवड्यात कामावर जाताना वाटेत स्वारी आडवी आली तर एवढं करा. वेग कमी करा, शक्य असेल तर एक लेन सोडून जा, फोटोसाठी खिडकीतून हात बाहेर काढून हाका मारू नका, उतरून जवळ गेलात तर घोड्याच्या मागून जाऊ नका, आणि कितीही उशीर झाला असला तरी हॉर्न वाजवू नका.